एनएफएल (अमेरिकन फुटबॉलची लीग) ड्राफ्टमध्ये, म्हणजे कॉलेजमधले खेळाडू पाळीपाळीने निवडताना, संघाने आपली गरज बघावी की उपलब्ध असलेला सर्वोत्तम खेळाडू घ्यावा? आणि क्वार्टरबॅकची (चेंडू फेकून आक्रमण चालवणाऱ्या खेळाडूची) निवड फसली तर दोष खेळाडूचा, जीएमचा (जनरल मॅनेजरचा) की कोचचा?

दोष कोचचा. आणि त्याच्याही आधी, ज्याची नोकरी डळमळते आहे हे गावभर ठाऊक असतं अशा कोचच्या हाती नवा क्वार्टरबॅक सोपवणाऱ्या मालकांचा आणि जीएमचा. तुमच्या प्रश्नाचा पहिला भाग त्यामानाने सोपा आहे, त्याकडे नंतर येते. मी शिकागोजवळ राहते, तिथल्या बेअर्स संघाची चाहती आहे, आणि या एका विषयावर आमच्या घरात इतकी भांडणं झाली आहेत की प्रश्न दिसल्यावर गप्प बसणं मला जमणार नव्हतं.

बेअर्सचा इतिहास बघा. 2017 साली तेव्हाचे जीएम रायन पेस यांनी फक्त एक पायरी वर चढण्यासाठी, तिसऱ्यावरून दुसऱ्या क्रमांकावर जाण्यासाठी, सॅन फ्रान्सिस्कोला जादा पिक (ड्राफ्टमधल्या निवडीच्या पाळ्या) दिले आणि मिचेल ट्रुबिस्की हा क्वार्टरबॅक घेतला. हेड कोच होते जॉन फॉक्स, आदल्या मोसमात 3 विजय, 13 पराभव. मोसम संपला, फॉक्स गेले. 2021 मध्ये जस्टिन फील्ड्स आला. मोसम संपला, कोच मॅट नेगी गेले, पेसही गेले. 2024 मध्ये पहिल्या क्रमांकावर केलेब विल्यम्स आला आणि मॅट एबरफ्लस यांना तर मोसम संपायच्या आतच काढावं लागलं. पहिल्या फेरीचे लागोपाठ तीन क्वार्टरबॅक, आणि तिघांचाही पहिला कोच वर्षभरात घरी. दुसऱ्या वर्षी नवा माणूस, नवी पद्धत, नवी भाषा, सगळं पुन्हा पहिल्यापासून. "माहोम्सला सोडून ट्रुबिस्की घेतला" हे लोक अजून उगाळतात, कारण त्याच ड्राफ्टमधला पॅट्रिक माहोम्स पुढे सुपर बोल जिंकणारा क्वार्टरबॅक झाला. माहोम्सला कॅन्सस सिटीत अँडी रीडसारखे कोच मिळाले, अ‍ॅलेक्स स्मिथ या अनुभवी क्वार्टरबॅकच्या मागे बसून शिकायला वर्ष मिळालं, पहिल्या मोसमात तो एकच सामना खेळला. शिकागोत त्याला त्यातलं काय मिळालं असतं, ते सांगा.

आता 2021 चं सविस्तर सांगते, कारण आमच्या घरातला वाद तिथलाच आहे.

ड्राफ्टच्या रात्री माझे धाकटे दीर आमच्याकडे जेवायला होते. बेअर्सने न्यूयॉर्क जायंट्सला पुढच्या वर्षीचा पहिल्या फेरीचा पिक देऊन विसाव्यावरून अकराव्यावर उडी मारली, फील्ड्सचं नाव पुकारलं गेलं आणि भावोजी ताट तसंच टाकून उठले आणि नाचायला लागले. मुलगा मलाही आवडत होता. कॉलेजात असताना क्लेम्सनविरुद्ध बरगड्यांवर जबर मार खाऊनही मैदानात परतलेला, त्या सामन्यात गुण मिळवून देणारे सहा टचडाउन पास फेकलेला खेळाडू कुणाला आवडणार नाही? मी एवढंच विचारलं, "याला वाचवणार कोण?" दुसऱ्या दिवशी टेव्हन जेन्किन्स घेतला, टॅकल, म्हणजे क्वार्टरबॅकवर धावून येणाऱ्यांना अडवणाऱ्या लाईनमधला खेळाडू, तेव्हा जरा बरं वाटलं. आणि मग मे महिन्यात चार्ल्स लेनोला सोडून दिलं.

लेनो कुणाच्या पोस्टरवर नसायचा. सातव्या फेरीतून आलेला आणि वर्षानुवर्षं सामना न चुकवता लेफ्ट टॅकलला उभा राहिलेला माणूस. पैसे वाचवायला त्याला काढलं, जागा जेन्किन्ससाठी ठेवली, आणि ऑगस्टमध्ये जेन्किन्सच्या पाठीची शस्त्रक्रिया झाली. मग धावपळ करून जेसन पीटर्सला आणलं. पीटर्स फार मोठा खेळाडू, पण वय 39. लेनो गेला त्याच दिवशी मी घरच्या ग्रुपवर लिहिलं होतं की आता या मुलाचं काही खरं नाही. भावोजींचं उत्तर आलं, "वहिनी, लाईनचं सोडा हो. खरा खेळाडू कुठेही चमकतो. सचिनला काय कोचने घडवलं?"

दादरला वाढलेल्या माणसाने हे लिहावं, याचा मला आजही राग येतो. शिवाजी पार्कवर स्टंपवर रुपयाचं नाणं ठेवून सचिनला तासन्‌तास खेळवणारे, स्कूटरवर मागे बसवून एका मैदानावरून दुसऱ्या मैदानावर नेणारे आचरेकर सर कोण होते मग? सचिन जन्माला कुणीही घातला असेल, पण त्या वयात त्याच्यासमोर कुठली गोलंदाजी यावी हे कुणीतरी बघत होतं. माझं सगळं म्हणणं तेवढंच आहे.

26 सप्टेंबरचा रविवार. पितृपक्ष चालू होता, सासऱ्यांची तिथी होती, म्हणून सगळे भावोजींकडे जमलो होतो. बारा वाजता क्लीव्हलँडशी सामना, नेहमीचा क्वार्टरबॅक अँडी डाल्टनचा गुडघा दुखावलेला, म्हणून फील्ड्सचा सुरुवातीपासून खेळायचा पहिला दिवस. आम्ही जावाजावांनी लवकर उठून वडे, खीर, आमसुलाची चटणी सगळं आटोपलं, पान ठेवलं, आणि पहिल्या किकऑफला मी पदर खोचून टीव्हीसमोर होते. पुढचे तीन तास मी विसरणार नाही. नऊ सॅक, म्हणजे चेंडू फेकायच्या आतच क्वार्टरबॅकला नऊ वेळा पाडलं. त्यातले साडेचार एकट्या क्लीव्हलँडच्या माइल्स गॅरेटचे (दोघांनी मिळून पाडलं तर अर्धा-अर्धा धरतात). पीटर्सचे पाय गॅरेटबरोबर हलतच नव्हते, तरी त्याच्या मदतीला टाइट एंड किंवा रनिंग बॅक असा जादा अडवणारा ठेवायचं नाव नाही. इतका वेगवान मुलगा, पण त्याला पॉकेटबाहेर, म्हणजे लाईनच्या आडोशाबाहेर, काढून धावत फेकू देणारे डाव जवळजवळ नाहीतच. बेअर्सचे पूर्ण सामन्यातले यार्ड 47. पासिंगचे, सॅकची वजाबाकी केल्यावर, एक. 26-6 ने हरलो.

तिसऱ्या क्वार्टरनंतर मी स्वयंपाकघरात जाऊन भांडी आवरायला घेतली, कारण मला बघवत नव्हतं. त्या पोराला दर वेळी उठताना बघून पोटात तुटत होतं. भावोजी मागून आले आणि म्हणाले, "वहिनी, पोरात दम नाही." आम्ही तिथेच, तिथीच्या दिवशी, जाऊबाईंच्या समोर कडाक्याचे भांडलो.

पुढच्या रविवारी डाव ठरवायचं काम नेगींकडून आक्रमणाचे कोच बिल लेझर यांच्याकडे गेलं. आम्ही डेट्रॉइटला 24-14 हरवलं. तोच फील्ड्स, एका आठवड्यात नवी लाईनही आलेली नव्हती. भावोजी म्हणतात, डेट्रॉइट तेव्हा दुबळा संघ होता. होताच. पण दुबळ्या संघापुढेसुद्धा मुलगा उभा राहतो तो कुणीतरी त्याच्यासाठी डाव आखला म्हणून.

2024 ला हेच पुन्हा घडलं. विल्यम्सला त्या मोसमात 68 वेळा सॅक केलं. थँक्सगिव्हिंगला डेट्रॉइटमध्ये 23-20 असे मागे होतो, जवळजवळ अर्धा मिनिट बाकी, हातात घड्याळ थांबवायला टाइमआऊट, आणि तो घेतलाच नाही. घड्याळ पळत राहिलं, शेवटचा पास वाया गेला, सामना संपला. नवखा क्वार्टरबॅक गोंधळणारच. टाइमआऊट मागणं हे बाहेर उभ्या असलेल्या अनुभवी माणसाचं काम. दुसऱ्या दिवशी एबरफ्लस यांना काढलं. बेअर्सच्या इतिहासात भर मोसमात काढलेला तो पहिला हेड कोच.

आता तुमचा पहिला प्रश्न. गरज मार्चमध्ये, अदलाबदली आणि करार करून, भागवायची, म्हणजे एप्रिलमध्ये ड्राफ्टला गरज बघावी लागत नाही. 2025 मध्ये बेअर्सने आधी हेड कोच म्हणून बेन जॉन्सनना आणलं. मग ड्राफ्टच्या आधीच कॅन्सस सिटीकडून जो थुनी, रॅम्सकडून जोना जॅक्सन घेतला आणि सेंटर ड्रू डालमनशी करार केला, म्हणजे लाईनचा अख्खा मधला भाग नवा. त्यामुळे दहाव्या क्रमांकावर त्यांना हात मोकळा होता, आणि घरात त्याच जागेवर खेळणारा कोल कमेट असतानाही त्यांनी कोल्स्टन लव्हलंड हा टाइट एंड घेतला. इथल्या निम्म्या लोकांनी कपाळाला हात लावला होता. त्याच लव्हलंडने नोव्हेंबरमध्ये सिनसिनाटीत शेवटच्या काही सेकंदांत 58 यार्डांचा टचडाउन करून 47-42 असा सामना काढून दिला. त्या मोसमात 11 विजय, विभागाचं विजेतेपद, आणि विल्यम्सने एरिक क्रेमरचा 1995 पासूनचा एका मोसमातल्या 3,838 पासिंग यार्डांचा बेअर्सचा विक्रम मोडला. क्वार्टरबॅक तोच होता. बदलला तो कोच आणि त्याच्यासमोर उभी असलेली लाईन.

भावोजी म्हणतात की विल्यम्स मुळातच फील्ड्सपेक्षा चांगला, म्हणून जमलं. असेल. आणि खरं सांगायचं तर फील्ड्स चेंडू हातात फार वेळ धरतो, त्याच्या बऱ्याच सॅकना तोही जबाबदार होता. पिट्सबर्ग आणि जेट्समध्येही त्याचा जम बसला नाही. काही खेळाडू खरोखरच लायक नसतात, त्यांना कुठलाही कोच वाचवत नाही. शिवाय माझ्यासमोर एकाच संघाची उदाहरणं आहेत, तुमच्या संघाचा हिशोब वेगळा असू शकतो. पण एकविसाव्या-बाविसाव्या वर्षाच्या मुलाला पहिल्याच दिवशी नऊ वेळा जमिनीवर आपटू दिलं की पुढे तो चेंडू वेळेवर सोडायला शिकेल की आधी अंग वाचवायला, हा माझा भावोजींना प्रश्न आहे आणि त्याचं उत्तर मला अजून मिळालेलं नाही.

तुमचा संघ कुठला ते तुम्ही लिहिलं नाही. पहिल्या पाचात पिक असेल तर मॉक ड्राफ्ट (ड्राफ्टचे अंदाज) वाचत बसण्याआधी दोन गोष्टी बघा: हेड कोच पुढच्या वर्षी असणार आहे का, आणि लेफ्ट टॅकलला कोण आहे. दोन्हींचं उत्तर धड नसेल तर क्वार्टरबॅक घेऊ नका, पिक विका, जसा बेअर्सचे जीएम रायन पोल्स यांनी 2023 चा पहिला पिक कॅरोलिनाला विकला. रिसीव्हर (पास झेलणारा) डीजे मूर आला, शिवाय पुढच्या वर्षीचा जो पिक मिळाला तोच पहिला निघाला आणि त्यातूनच विल्यम्स आला. आणि घरात कुणी "खरा खेळाडू कुठेही चमकतो" म्हणणारं असेल तर त्यांना 2021 चे क्लीव्हलँड आणि डेट्रॉइटचे ते लागोपाठचे दोन सामने पुन्हा बघायला लावा. चेंडू सुटेपर्यंत क्वार्टरबॅककडे बघायचं नाही, लेफ्ट टॅकलच्या पायांकडे बघायचं. आमच्या भावोजींनी अजून बघितलेले नाहीत.