धोरण आणि पवित्रा

प्रश्न असा आला आहे : ‘पुराणमतवादी राजकारण्यांबद्दल लिहिताना “कल्चर वॉर”ला मराठीत काय म्हणावं? आणि अशा वादांत त्यांचं “आक्रमक धोरण” असतं, हा प्रयोग बरोबर आहे का?’

पहिल्याचं उत्तर ‘सांस्कृतिक संघर्ष’, म्हणजे धर्म, मूल्यं, अस्मिता यांवरून पेटणारे वाद. 1873 साली प्रशियाच्या विधिमंडळात उदारमतवादी सदस्य रुडॉल्फ फिर्खो यांनी बिस्मार्कचं सरकार आणि कॅथलिक चर्च यांच्या भांडणाला ‘कुल्टुरकाम्फ’ म्हटलं. त्या जर्मन शब्दातला ‘काम्फ’ म्हणजे झुंज, संघर्ष. ‘युद्ध’ नकोच.

दुसऱ्याचं उत्तर : नाही, अजिबात नाही! ‘आक्रमक धोरण’ ऐकून कान किटले आहेत. पाठ्यपुस्तकातल्या धड्यावरून नेता सभेत कडाडला, की बातमीत लगेच त्याचं ‘धोरण’. अहो, तो पवित्रा आहे. धोरण आखतात, ठरवतात, राबवतात. पवित्रा घेतात, फार तर बदलतात. पवित्रा राबवल्याचं कधी ऐकलंय?

आणि ‘धोरण’ हा काय सुंदर शब्द आहे! अमरकोशात, म्हणजे संस्कृतच्या जुन्या शब्दकोशात, तो वाहनाच्या पर्यायांत येतो : ‘सर्वं स्याद्वाहनं यानं युग्यं पत्रं च धोरणम्’. घोड्याच्या पाच चालींत तिथेच ‘धौरितक’ आहे, म्हणजे दुडकी चाल. धोरण ‘धुरा’पासून आलं असं ठासून सांगणारे विद्वान मला नेहमी भेटतात. त्यांनी कृपया धातुपाठ, म्हणजे संस्कृत धातूंची यादी, उघडावा. ‘धोरृ गतिचातुर्ये’ असा स्वतंत्र धातू तिथे आहे. गतीतलं चातुर्य! ‘धोरणी माणूस’ म्हणताना आपण नेमकं हेच म्हणतो, पुढची वाट जोखून पाऊल टाकणारा. धुरेत ओझं आहे; हे चातुर्य कुठे आहे?

म्हणून धोरणाच्या वादात चालावं लागतं, आकडे मांडावे लागतात, देवाणघेवाण करावी लागते, आणि कधी आपलेच लोक मागे सुटतात. 1846 साली ब्रिटनचे हुजूरपक्षीय पंतप्रधान रॉबर्ट पील यांनी आयात धान्यावर कर लावणारे कायदे विरोधकांच्या मतांवर रद्द करून घेतले आणि त्यांचा पक्ष फुटला. ती धोरणाची किंमत. उलट 1992 मध्ये ह्यूस्टनच्या रिपब्लिकन अधिवेशनात अमेरिकेतले पुराणमतवादी नेते पॅट ब्यूकॅनन यांनी देशात सांस्कृतिक संघर्ष चालू असल्याचं सांगितलं, तेव्हा ‘आपण’ आणि ‘ते’ अशी रेघ ओढली गेली. रेघेच्या कुठल्या बाजूला निम्मं उभं राहणार? करात निम्म्यावर तडजोड होते, अस्मितेत होत नाही. म्हणून तिथे पवित्रा सोयीचा पडतो.

पण ‘पवित्रा’चा ‘पवित्र’शी संबंध जोडू नका, ही दुसरी खोड. शब्द लाठी-पट्ट्याच्या आखाड्यातला, पाय रोवण्याच्या ढबीचा. हिंदीतला ‘पैंतरा’ ‘पदान्तर’पासून आला असं मानतात, आणि आपला ‘पवित्रा’ त्याचाच भाऊ असं माझं पक्कं मत आहे. आपल्याकडे ‘पैतरा’ही आहेच. ‘पवित्र’ हा ओळखीचा शब्द कानात बसलेला, म्हणून उच्चार तिकडे ओढला गेला असावा. धोरण आणि पवित्रा, दोन्ही शब्द पायांचे, तरी एक पाय उचलतो, दुसरा रोवतो.