वाचकांचे प्रश्न : आजोबांचा दाखला उर्दूत का?

प्रश्न : आमच्या घरी मराठीच बोलली जाते, तरीही आजोबांचा १९४३ सालचा शाळेचा दाखला उर्दूत आहे. इंग्रजांच्या काळातला कागद इंग्रजीत असायला हवा होता ना? – एक वाचक, परभणी

उत्तर : दाखला जपून ठेवा, कारण त्यावर परभणीचा सबंध इतिहास आहे. मराठवाडा इंग्रजांच्या थेट अमलाखाली नव्हता, तर निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता, त्यामुळे १८३५ च्या मेकॉलेच्या टिपणीतून निघालेले इंग्रजी शिक्षणाचे धोरण इथे तसेच्या तसे आले नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस दरबारी फारसीची जागा उर्दूने घेतली, आणि १९१८ मध्ये स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाने तर उच्च शिक्षणच उर्दूतून दिले. त्यासाठी शास्त्रीय ग्रंथांचे भाषांतर करणारा स्वतंत्र विभागही उभारला. भारतीय भाषेत विज्ञान शिकवण्याचा हा प्रयोग धाडसी होता, हे मान्य करायलाच हवे. पण ती भाषा संस्थानातील बहुसंख्यांची नव्हती. घरी मराठी, तेलुगू किंवा कन्नड बोलणाऱ्या मुलाला पुढे शिकायचे तर आधी उर्दू गिरवावी लागे.

१९३८ मध्ये वसतिगृहात ‘वंदे मातरम्’ म्हटल्यावरून उस्मानियाने काढून टाकलेल्या विद्यार्थ्यांना नागपूर विद्यापीठाने सामावून घेतले. औरंगाबादेत डॉ. आंबेडकरांच्या पुढाकाराने १९५० मध्ये महाविद्यालय निघाले, आणि मराठवाडा विद्यापीठ तर १९५८ मध्ये. तोवर आजोबांची पिढी शाळेबाहेर पडलेली होती.