जुन्या साच्यात घराचे पैसे ओतावेत का?

फ्लोरिडात राहणाऱ्या एका वाचकांचं पत्र आलंय. वय 47, दोन मुलं, थोरली पुढच्या वर्षी कॉलेजला जाईल. 1960 च्या दशकातल्या एका साडेएकोणीस फुटी डीप-व्ही, म्हणजे खोल V आकाराच्या तळाच्या, बोटीचे मूळ साचे त्यांच्या ओळखीतल्या एका गोदामात पडून आहेत. मालक 35,000 डॉलर मागतोय. मेहुणा फायबरग्लासच्या कामात मुरलेला आहे. घरावर 1,20,000 डॉलरचं कर्ज आणि आधीच्या नोकरीच्या 401-के या निवृत्ती खात्यामधले 90,000, असे 2,10,000 डॉलर घालून ही बोट पुन्हा बाजारात आणावी, असं दोघांनी ठरवत आणलंय. ते विचारतात, ‘इतकी गुणी बोट इतक्या वर्षांत कुणीच पुन्हा काढली नाही, म्हणजे मैदान मोकळं आहे ना?’

नमस्कार. तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. बोटीवरचं तुमचं प्रेम खरं आहे आणि मेहुण्यांच्या हातातली कला खरी आहे. म्हणूनच उत्तर जरा लांबलंय.

बोट गुणी आहे, याबद्दल वादच नाही. बोटींचे रचनाकार रे हंट यांनी 1950 च्या दशकात असा तळ आखला, की त्याचा खोल कोन नाळेपासून, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकापासून, मागच्या फळीपर्यंत टिकून राहतो. त्याआधीच्या वेगवान बोटींचा तळ मागे जाता जाता सपाट व्हायचा आणि लाटेवर आपटायचा. 1960 च्या मायामी-नासाऊ शर्यतीत समुद्र खवळलेला असताना डिक बर्ट्रम यांची 31 फुटी ‘मॉपी’ जिंकली आणि पुढच्याच वर्षी फायबरग्लासची बर्ट्रम 31 विक्रीला आली. तुमच्या गोदामातली बोट याच घराण्यातली.

आता या गोष्टीतला पैशाचा भाग बघा. हंट यांना या तळाचं पेटंट मिळालं नाही, कारण रचना आधीच छापून आली होती. त्यामुळे डीप-व्ही तळ सगळ्यांचाच झाला. आज खोल समुद्रात जाणारी जवळपास प्रत्येक छोटी वेगवान बोट त्याच तळाची लेक किंवा नात आहे. मैदान मोकळं दिसतंय ते यामुळे. ती जुनी बोट गेली, पण तिचा गुण बाजारात जागोजागी मिळतोय.

आणि समजा, तुम्ही ती उत्तम बनवलीत आणि विकलीही गेली. पुढे काय? शेजारच्या गावातला कुणीही एक बोट विकत घेऊन तिच्यावरून साचा काढू शकतो. फ्लोरिडाने 1983 मध्ये अशी नक्कल रोखणारा कायदा केला होता. बोनिटो बोट्स विरुद्ध थंडर क्राफ्ट या खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने 1989 मध्ये तो मोडीत काढला. अमेरिकी संसदेने, म्हणजे काँग्रेसने, 1998 मध्ये बोटींच्या तळांसाठी वेगळं संरक्षण आणलं. ते दहा वर्षांचं असतं, पण रचना लोकांसमोर आल्यापासून दोन वर्षांच्या आत नोंदवावी लागते. तुमची रचना लोकांसमोर येऊन पन्नासहून जास्त वर्षं झाली! म्हणजे 35,000 डॉलरमध्ये तुम्हाला वस्तू मिळेल, हक्क मिळणार नाही. जुन्या कंपनीचं नावही साच्याबरोबर आपोआप येत नाही. ट्रेडमार्क आज कुणाकडे आहे, हे वकिलाकडून तपासून घ्यावं लागेल.

साचा स्वस्त वाटतो, कारण तो खर्चाचा लहान भाग आहे. अशा बोटींत त्या काळी बहुधा इंजिन आत, मागच्या फळीला लागून असायचं. आजच्या गिऱ्हाइकाला बाहेर टांगलेलं आउटबोर्ड हवं असतं, तेही फोर-स्ट्रोक, म्हणजे जुन्या टू-स्ट्रोकपेक्षा जड. वजन फळीच्याही मागे गेलं की बोट शेपटीवर बसते, नाळ वर उचलली जाते, आणि ज्या चालीसाठी ही बोट नावाजली गेली तीच बिघडते. ती परत मिळवायची तर फळी आणि टाक्यांची जागा नव्याने आखावी लागते. म्हणजे बोटींची रचना करणारा जाणकार पैसे मोजून आणायचा. डेक तर पूर्ण नवं लागेल, कारण आज लोक सेंटर कन्सोल, म्हणजे मधोमध सुकाणू असलेली बोट, मागतात. शिवाय त्या काळच्या ट्रेलरच्या बोटी रुंदीला आठ फुटांच्या आतच असायच्या, कारण रस्त्यावरची मर्यादा तेवढीच होती. आता साडेआठ फूट चालतात. नांगर टाकून मासे धरत बसलं की अरुंद डीप-व्ही डुलते, आणि शेजारची रुंद बोट कमी डुलते. नवीन गिऱ्हाईक तिथेच निर्णय घेतं.

नियमांचं थोडक्यात सांगतो. तुमची बोट वीस फुटांच्या आत आहे. 1971 च्या कायद्यानंतर आलेल्या कोस्ट गार्डच्या नियमांनुसार अशी आउटबोर्ड बोट पाण्याने भरली तरी न कलंडता सपाट तरंगली पाहिजे. म्हणजे आत फोम, चाचणी, क्षमतेची पाटी. इंधनटाकी आणि नळ्यांमधून निसटणाऱ्या वाफांचे नियम वेगळे.

नावही हाताशी होतं, भांडवलही होतं, अशांनी काय केलं ते पाहा. बर्ट्रम कंपनीचे नवे मालक 2016 मध्ये पुन्हा उतरले तेव्हा त्यांनी जुन्या 31 च्या साच्यातून बोट काढली नाही. रचनाकार मायकल पीटर्स यांच्याकडून 35 फुटी नवी बोट आखून घेतली.

आता तुमचा हिशेब. तुम्ही 75,000 ला बोट विकणार, 60,000 खर्च, 15,000 सुटणार, म्हणजे चौदा बोटींत भांडवल वसूल. पण यात डीलर कुठे आहे? त्याने 15 टक्के घेतले तर 11,250 गेले, उरले 3,750. घरावरच्या कर्जाचा तुम्हाला सांगितलेला दर 8.5 टक्के, म्हणजे वर्षाला नुसतं व्याज 10,200. तुमच्या अंदाजाने वर्षाला सहा बोटी होणार, तर प्रत्येकीवर 1,700 व्याजाचे. राहिले 2,050. त्या हिशेबाने 2,10,000 परत यायला 103 बोटी आणि सतरा वर्षांहून थोडा जास्त काळ लागतो. वॉरंटीत परत आलेली बोट मी यात धरलेलीच नाही. डीलर नको म्हणालात, तर बोट शो, चाचणी फेऱ्या, दुरुस्तीसाठी धावणं हे सगळं तुम्ही नोकरी सांभाळून करणार?

401-के चं तर ऐकूनच मला काळजी वाटली. 90,000 आज काढलेत तर दहा टक्के दंडाचे 9,000 आणि तुमच्या 24 टक्क्यांच्या टप्प्याने आयकर 21,600. हातात 59,400 येतील. आणि तेच 90,000 हात न लावता वर्षाला सहा टक्क्यांनी वाढले, तर तुमच्या पासष्टीला सुमारे 2,57,000 होतात. धंदा बुडाला तरी घराचा हप्ता थांबत नाही. मुलीची फी आणि तो हप्ता एकाच महिन्यात येतील. हे पत्र वहिनींनी वाचलंय का? नसेल तर आधी त्यांना दाखवा.

माझं मत स्पष्ट आहे: हे करू नका.

पण मेहुण्यांची कला वाया जाऊ नये असं मला मनापासून वाटतं. या बोटींवर प्रेम करणारे लोक आहेत, आणि त्यांच्यातल्या पुष्कळांकडे जुनी बोट आधीच आहे. त्यांना हवी असते सडलेली फळी बदलून देणारी, आउटबोर्ड नीट बसवून देणारी भरवशाची माणसं. त्यात साचा लागत नाही आणि गिऱ्हाईक आगाऊ रक्कम देतं. घर आणि निवृत्तीचे पैसे बाजूला ठेवून, तुमच्या बचतीतले जास्तीत जास्त 30,000 लावा. त्यात एक जुनी बोट घ्या, दोघांनी मिळून उभी करा, एक उन्हाळा पाण्यात चालवा आणि विकून बघा. किती तास गेले, किती डॉलर गेले, हे पहिल्या दिवसापासून वहीत लिहा. एलएलसी, म्हणजे मर्यादित जबाबदारीची कंपनी, करा आणि तोट्याची वाटणी आधीच कागदावर घ्या, मेहुणे असले तरी.

गोदामाच्या मालकाने तुम्हाला महिनाअखेरची मुदत दिलीय. ती जाऊ द्या. विसार देऊ नका.