जनुक निर्दोष, तरी गप्प का?

प्रश्न: बहिणीला ट्रिपल निगेटिव्ह (इस्ट्रोजेन, प्रोजेस्टेरॉन व हर२ हे तिन्ही ग्राहक नसलेला) स्तनाचा कर्करोग आहे. रक्तचाचणीत बीआरसीए१ हे डीएनए-दुरुस्तीचं जनुक निर्दोष आलं, तरी डॉक्टर ‘मिथिलेशन’ तपासू म्हणतात. का? – एक वाचक, कोपरखैरणे

उत्तर: ताई, जनुकाची अक्षरं शाबूत असली तरी त्याच्या सुरुवातीच्या भागातल्या सायटोसिन या अक्षरावर मिथाइल गट (छोटे रासायनिक गट) चिकटले, म्हणजेच मिथिलेशन झालं, की जनुक गप्प बसतं. मग पेशीला तुटलेला डीएनए नीट सांधता येत नाही. नेहमीच्या रक्तचाचणीत हे दिसत नाही. त्यासाठी गाठीचा तुकडा लागतो, बहुधा पॅराफिन ब्लॉक, म्हणजे मेणात जपलेला तुकडा. त्यातल्या डीएनएवर बायसल्फाइट या रसायनाची प्रक्रिया केली की मिथाइल नसलेल्या सायटोसिनचं युरॅसिल हे दुसरं अक्षर होतं, मिथाइल असलेलं तसंच राहतं; या फरकावरून मिथिलेशन कळतं. तुकडा टिकवण्यासाठीच्या फॉर्मॅलिन द्रावणात ७२ तासांहून जास्त राहिला तर डीएनए तुटतो, निकाल फसवा येऊ शकतो. तेव्हा ती नोंद जरूर विचारा. केमोनंतर मिथिलेशन पुसलंही जाऊ शकतं, त्यामुळे केमोआधीच्या जुन्या ब्लॉकवर विसंबू नका.