हत्तीरोगाच्या सर्वेक्षणात रक्त रात्रीच का घेतात?

कारण दिवसा घेतलेल्या थेंबात बहुधा काहीच सापडत नाही. हत्तीरोग करणाऱ्या वुचेरेरिया बॅन्क्रॉफ्टी या कृमीची पिल्लं, म्हणजे मायक्रोफायलेरिया, दिवसा फुप्फुसांतल्या रक्तवाहिन्यांत दडलेली असतात. रात्री १० ते २ च्या सुमारास ती त्वचेजवळच्या रक्तात येतात. आपल्याकडे प्रसार करणारा क्युलेक्स डासही रात्रीच चावतो. दक्षिण पॅसिफिकमधल्या काही बेटांवर दिवसा चावणारे एडिस डास प्रसार करतात. तिथे पिल्लं दिवसाही मिळतात.

बोटातून २० मायक्रोलिटर रक्त घेऊन काचेवर जाड थर पसरवतात. तो पूर्ण वाळू द्यायचा, मग लाली उतरेपर्यंत साध्या पाण्यात ठेवायचा आणि नंतर गिम्सा किंवा जेएसबी या रंगद्रावणाने रंगवायचा. थर नीट वाळला नसेल तर पाण्यात सुटून वाहून जातो. पाण्यात घालण्याआधीच मिथेनॉल (थर पक्का करणारं अल्कोहोल) लावलं तर हिमोग्लोबिन निघत नाही, काच गढूळ दिसते. वाळत ठेवलेल्या काचा झाकाव्यात, नाहीतर मुंग्या आणि झुरळं रक्त खाऊन टाकतात!

एफटीएस (फायलेरियासिस टेस्ट स्ट्रिप) या झटपट चाचणीच्या पट्टीला रात्रीची गरज नाही, कारण ती प्रौढ कृमीचं प्रतिजन, म्हणजे त्याने रक्तात सोडलेला पदार्थ, शोधते. ७५ मायक्रोलिटर रक्त टाकून बरोबर १० मिनिटांनी वाचायची. उशीर केला तर संसर्ग नसतानाही खोटी रेघ उमटू शकते.

आणि हो, फक्त पाय सुजलेल्यांचंच रक्त तपासू नका. त्यांच्या रक्तात पिल्लं बऱ्याचदा नसतात. ती धडधाकट दिसणाऱ्या शेजाऱ्याच्या रक्तात सापडतात.