मोरपंखी आतून तपकिरी पडत असेल, तर ती छाटावी का?

आपण विचारले आहे की, पुण्यात अंगणात लावलेल्या मोरपंखीच्या दोन झाडांचा आतला भाग तपकिरी पडला आहे, तर ती निम्म्यावर छाटल्यास नव्याने फुटतील का, आणि शेजारच्या ख्रिसमस ट्रीची उंची आवरण्यासाठी त्याचा शेंडा खुडावा का. दोन्ही गोष्टी करू नयेत, असे मला अगदी आग्रहाने सांगावेसे वाटते.

जास्वंद कितीही खाली छाटली तरी तिच्या जुन्या लाकडाला धुमारे फुटतात. मोरपंखीसह बहुतेक सूचिपर्णी झाडांत मात्र, ज्या फांदीवर हिरवे काहीच उरलेले नाही, ती पुन्हा सहसा फुटत नाही. त्यामुळे हिरवा थर ओलांडून कात्री आत गेली की झाडाला कायमचे भगदाड पडते. आकार राखायचा असेल तर पावसाळा ओसरल्यावर केवळ हिरवे शेंडे हलके कापावेत.

कात्री हाती घेण्यापूर्वी तपकिरीपणा नेमका कोठे आहे, हे पाहावे. झाड दोन्ही हातांनी उघडून आत डोकावल्यास खोडालगत वाळलेल्या पानांचा थर दिसतो. बाहेरची पालवी टवटवीत असेल, तर तो थर म्हणजे उजेड न मिळाल्याने झडलेली जुनी पाने होत. ती हाताने झाडून काढावीत, म्हणजे आत हवा खेळते.

बाहेरची पालवीच मार्च ते मे या काळात निस्तेज, भुरकट होऊ लागली, तर मला पहिला संशय लाल कोळीचा, म्हणजे पानांतला रस शोषणाऱ्या अगदी बारीक जिवाचा येतो. पांढरा कागद फांदीखाली धरून फांदीवर दोन-तीन टिचक्या माराव्यात. कागदावर पडलेले बारीक ठिपके हळूहळू चालू लागले, तर ते कोळी होत. कोरड्या हवेत आणि धुळीत ते झपाट्याने वाढतात, म्हणून सकाळी पाइपच्या जोरदार फवाऱ्याने झाड आतून-बाहेरून धुवावे आणि काही दिवसांच्या अंतराने हे पुन्हा करावे. हाताशी असलेले कोणतेही कीटकनाशक मारू नये, कारण कोळी हा कीटक नव्हे आणि अशा औषधाने त्याला खाणारे मित्रकीटकच आधी मरतात. गंधकाचा उपयोग होतो; मात्र तो कडक उन्हात फवारल्यास पाने करपतात.

तिसरे कारण सर्वांत घातक आहे. पावसाळ्यात किंवा त्यानंतर अख्ख्या फांद्याच मलूल होऊन वाळू लागल्या, तर दोष बहुधा मुळाशी असतो. आपल्याकडच्या काळ्या मातीत पाणी साचून राहते, मुळांना हवा मिळत नाही आणि मूळकूज लागते. अशा वेळी झाड सुकलेले पाहून आणखी पाणी घातले जाते आणि ते हातचे जाते. बुंध्याजवळची माती चार बोटे उकरून पाहावी, ती चिकट, ओली असल्यास पाणी थांबवून साचलेल्या पाण्याला चर काढून द्यावा. नवे झाड लावताना मातीत मुरूम आणि शेणखत मिसळून जागा थोडी उंच करून घ्यावी.

ख्रिसमस ट्री म्हणून आपल्याकडे जे अरौकेरिया विकले जाते, ते मोकळ्या जमिनीत कित्येक मजले उंच होते. मधला शेंडा खुडल्यावर खोडातून दुसरा फुटला, तरी फांद्यांच्या मजल्यांची ती रेखीव मांडणी परत येत नाही. कुंडीत असेल तर ते कुंडीतच ठेवावे, मुळांना जागा कमी मिळाल्याने वाढ मंदावते; जमिनीत आणि भिंतीलगत असेल, तर लहान असतानाच मुळांभोवतीच्या मातीच्या गड्ड्यासह, जूनच्या पहिल्या पावसानंतर, मोकळ्या जागी हलवावे.

देवदार लावण्याचा विचारही आपण लिहिला आहे. तो हिमालयात साधारण 1500 मीटरच्या वर वाढणारा वृक्ष आहे आणि त्याला थंड हिवाळा लागतो, त्यामुळे पुण्याच्या उन्हाळ्यात त्याचे हाल करू नयेत. त्याऐवजी कोरडी हवा सोसणारा चिनी जुनिपर घ्यावा, आणि रोप निवडताना बुंध्यापर्यंत हिरवेगार असलेलेच उचलावे.