पहिली वाकळ शिवणाऱ्या पोरीला

पोरी, कुठे प्रदर्शन भरलं, कुणाची गोधडी परदेशात गेली, या बातम्या जरूर वाच. पण शिकायचं असेल तर आधी कर्नाटकातल्या खानापूर-हल्याळकडच्या सिद्दी बायकांची, म्हणजे आफ्रिकी वंशाच्या समाजातल्या बायकांची, कवंदी (ठिगळांची गोधडी) बघून ये. आपल्या हाताशी एवढी मोठी कला आहे आणि आपल्यातल्या निम्म्याजणींना ती ठाऊक नाही, याचं मला फार वाईट वाटतं. कवंदी कडेपासून शिवायला घेतात, आणि ठिगळं बसवत, धावदोरा घालत गोल फिरून मध्यावर येतात. चारही कोपऱ्यांवर कापडाच्या घड्यांची फुलं असतात. त्यांच्याशिवाय कवंदी उघडी पडते, असं त्या मानतात. 2020च्या कायद्याने बेळगाव-धारवाडच्या सिद्दींनाही अनुसूचित जमातीचा दर्जा मिळाला. आधी तो फक्त उत्तर कन्नड जिल्ह्यापुरता होता. ही बातमीही आपल्याच कामाची समज.

विकत घेताना घासाघीस करू नकोस. फोटो काढायचा तर विचारून काढ.

आता तुझी वाकळ. जुनी सुती लुगडीच घे, आईची असली तर उत्तमच. नायलॉनची साडी थरात सरकते, चुण्या पडतात. कापड धुऊन कडक उन्हात वाळव, जमिनीवर ताणून अंथर, आधी कच्चे टाके घाल. दोरा सुती आणि जाडसर हवा. पहिली लहान बाळाच्या मापाची कर, म्हणजे पावसाळ्याआधी हातावेगळी होईल. टाके वाकडे आले तरी उसवत बसू नकोस.